धाप लागते ती कशाने?



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले. लिहिणाऱ्या भगिनी ४७ वर्षांच्या आहेत आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. पूर्वी त्या बाजाराच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन जिना चढत असत. आता हात रिकामे असले तरी धाप लागते. त्यांना नवल याचे वाटते, की पायऱ्या चढताना तितकेसे जाणवत नाही, पण दारापाशी पोहोचून कुलपात किल्ली घालताना मात्र एक शब्दही बोलवत नाही. करोनाच्या साथीत घरी आणलेले ऑक्सिमीटर त्यांनी एकदा त्याच वेळी बोटाला लावून पाहिले. आकडा आला ९७. ‘प्राणवायू पुरेसा आहे, तर मग जीव कासावीस कशाने होतो?’ हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आहे. छातीवर ताण नको म्हणून दोन महिन्यांपासून त्यांनी सकाळचे फिरणे बंद केले आहे आणि त्याऐवजी त्या पलंगावर बसून बराच वेळ जोरजोरात श्वास घेतात. श्वास वाढला म्हणजे चरबी जळेल, अशी त्यांची समजूत आहे.

प्रश्न अगदी नेमका आहे. उपाय मात्र उलटा निवडला गेला आहे. या उपायामागे जो गैरसमज आहे तो आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतो. म्हणून हे उत्तर त्यांना एकट्यांना न पाठवता येथे देत आहे.

शाळेत आपण शिकतो, की श्वासावाटे प्राणवायू आत येतो आणि उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. यातला पहिला अर्धा भाग आपल्या मनावर ठसतो आणि दुसरा विस्मरणात जातो. त्यामुळे धाप लागली, की ‘प्राणवायू कमी पडला’ असे निदान आपण स्वतःच करून टाकतो. उंच पर्वतप्रदेश सोडला, तर निरोगी माणसाच्या बाबतीत हे निदान बहुधा चुकीचे ठरते. चालताना, पळताना, जिना चढताना श्वास किती वाढवायचा हे शरीर मुख्यत्वे त्या विस्मरणात गेलेल्या अर्ध्या भागावरून ठरवते. स्नायूंत कार्बन डायऑक्साइड किती तयार होत आहे, त्या प्रमाणात श्वास वाढतो.

श्वासाचा जमाखर्च

काही आकडे पाहू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेऊन बाहेर सोडतो. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. तेवढ्या वेळात त्याच्या पेशी सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतात आणि सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निर्माण करतात. आत येणाऱ्या हवेत हा वायू नाममात्र, सुमारे ०.०४ टक्के असतो. बाहेर जाणाऱ्या हवेत तो चार टक्क्यांच्या आसपास असतो. प्राणवायू मात्र २१ टक्क्यांवरून जेमतेम १६ टक्क्यांपर्यंत उतरतो. आत घेतलेल्या प्राणवायूचा मोठा भाग आपण न वापरताच परत करीत असतो.

आता जिन्याकडे वळू. सगळ्या देहाचा भार पायरीमागून पायरी वर उचलायचा, तर मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंत साखर व चरबी यांचे ज्वलन कित्येक पटींनी वाढते. कार्बन डायऑक्साइडची निर्मिती मिनिटाला २०० मिलिलिटरवरून एक लिटरच्या पुढे जाऊ शकते. निरोगी शरीराला एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी साधारण २५ ते ३० लिटर हवेची ये-जा करावी लागते. साहजिकच सहा-आठ लिटरांवर असलेला श्वास तीस लिटरांच्या घरात पोहोचतो. यालाच आपण धाप म्हणतो. एवढी उलथापालथ चालू असताना धमन्यांतील रक्तात या वायूचा दाब मात्र पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. तो तसा राहावा यासाठीच ही सारी धाप असते.

स्वयंपाकघरातल्या धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याचे उदाहरण घ्या. फोडणी मोठी असेल तर पंखा जोरात फिरवावा लागतो. परंतु पंखा जोरात फिरवला म्हणून भाजी लवकर शिजत नाही. श्वास हा पंखा आहे आणि स्नायू ही शेगडी. पंखा शेगडीच्या मागे जातो. शेगडी पंख्याच्या मागे जात नाही. एवढे एक सूत्र ध्यानी धरले, तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

शरीराला हे कळते कसे?

इ. स. १९०५ मध्ये ऑक्सफर्ड येथील जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी फुप्फुसांतील वायुकोशांमधली हवा गोळा करण्याची सोपी पद्धत काढली आणि दाखवून दिले, की विश्रांतीच्या अवस्थेत श्वासाचे नियमन प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून होते. हा वायू किंचित वाढला तरी श्वास लगेच वाढतो. प्राणवायूची घट मात्र बरीच झाल्याशिवाय श्वास तितक्या तीव्रतेने वाढत नाही. या हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन लहानपणी वडिलांच्या वायूंवरील प्रयोगांत सहभागी होत असत. पुढे तेच थोर जीवशास्त्रज्ञ भारतात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

यामागचे रसायन साधे आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला, की सौम्य आम्ल तयार होते. सोड्याच्या पाण्याची किंचित आंबट चव त्यामुळेच असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेजवळ या आम्लतेतील सूक्ष्म बदल टिपणाऱ्या पेशी आहेत. आम्लता वाढली, की त्या श्वासपटलाला आणि बरगड्यांच्या स्नायूंना वेग वाढवायला लावतात. मानेतील मोठ्या धमन्यांपाशीही असे पहारेकरी असतात.

तथापि व्यायामाच्या वेळी शरीर केवळ या पहारेकऱ्यांवर विसंबून राहत नाही. कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये दाखवले, की हालचाल सुरू होताच, स्नायूंतला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच श्वास वाढतो. पायांना ‘चला’ असा आदेश देताना मेंदू श्वासकेंद्रालाही वर्दी देऊन ठेवतो. सांधे आणि स्नायूही आपली खबर पाठवतात. हा झाला प्रारंभीचा अंदाज. पुढची बारीक दुरुस्ती कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापावरून होत राहते.

आता कुलूप-किल्लीचे कोडे सुटते. तीन मजले चढायला मिनिट-दीड मिनिट पुरते. या अवधीत स्नायूंत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आधी तिथेच साठतो, मग रक्तातून फुप्फुसांकडे येतो. आणि श्वासाला कामाच्या पूर्ण पातळीवर पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. जिना संपतो तेव्हा श्वास अजून वर चढतच असतो. पायऱ्यांची उधारी दारात पोहोचल्यावर वसूल होते. तेव्हा ऑक्सिमीटर ९७ दाखवत असेल, तर ते यंत्र बिघडलेले नाही. प्राणवायू पुरेसा आहे, हे ते खरेच सांगते आहे. पण त्या क्षणीचे मुख्य काम साठलेला वायू बाहेर काढण्याचे असते, आणि ते यंत्र तो वायू मोजत नाही.

मर्यादा आणि तिचे सरकणे

याला आणखी एक पदर आहे. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले, की स्नायूंतून लॅक्टिक आम्ल अधिक प्रमाणात रक्तात उतरू लागते. रक्तातील बायकार्बोनेट त्या आम्लाला निष्प्रभ करते. परंतु त्या क्रियेत आणखी कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे ज्वलनातून येणारा वायू वेगळा आणि हा वरकड वेगळा. त्यामुळे त्या मर्यादेनंतर श्वास कामाच्या मानाने अधिक झपाट्याने वाढतो आणि बोलताना वाक्य मध्येच तुटू लागते.

ही मर्यादा ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम असतील तर ते मध्यम आणि बहुतेकांना मानवणारे समजावेत. तीन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल, तर आपण मर्यादा ओलांडली आहे.

महत्त्वाची गोष्ट ही, की ही मर्यादा कायमची ठरलेली नसते. नियमित चालणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ज्वलनाचे काम करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, रक्तपुरवठा सुधारतो. तोच जिना चढताना लॅक्टिक आम्ल कमी तयार होते, वरकड कार्बन डायऑक्साइड कमी सुटतो आणि श्वासही कमी लागतो. फुप्फुसांत यामुळे फारसा फरक पडत नाही. बदलतात ते स्नायू आणि हृदय. याच्या उलट, फिरणे बंद केले की काही आठवड्यांतच मर्यादा खाली सरकते आणि कालचा जिना आज उंच वाटू लागतो. धाप लागते म्हणून चालणे सोडणे आणि चालणे सोडल्याने अधिक धाप लागणे, या चक्रात माणसे नकळत अडकतात. आमच्या पत्रलेखिका अशाच चक्राच्या तोंडाशी उभ्या आहेत, अशी मला शंका आहे.

जोरात श्वास घेतल्याने चरबी जळते का?

चरबी शरीराबाहेर जाते ती बव्हंशी उच्छ्वासावाटेच, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडून दाखवला, की दहा किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले तर सुमारे ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आणि उरलेला १.६ किलो पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. पण म्हणून श्वास वाढवला की चरबी वितळेल, असे नाही. पंखा आणि शेगडी आठवा. कार्बन डायऑक्साइड पेशींत तयार होतो, तो स्नायूंनी काम केल्यावर. बसल्या जागी जोरजोरात श्वास घेतला, तर नवा वायू फारसा निर्माण होत नाही. रक्तात जो असायला हवा तोच प्रमाणाबाहेर निघून जातो.

त्याचे परिणाम लगेच दिसतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटला, की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते, घेरी येते. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात. अनेकांना हा साधनेचा प्रभाव वाटतो; वस्तुतः ती अतिश्वसनाची लक्षणे असतात. असे झाले, की थांबावे, शांत बसावे आणि श्वास सावकाश होऊ द्यावा. नाकातोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास तो घातक ठरू शकतो. प्राणायामाला माझा आक्षेप नाही. जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली, संथ लयीत केलेला श्वसनाचा अभ्यास मनाला स्वस्थता देतो. चालण्याची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

हाच गैरसमज पाण्यात जिवावर बेततो

मे महिन्यात गावोगावच्या विहिरींवर आणि शहरांतल्या तरणतलावांवर मुले ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो’ अशी पैज लावतात. बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस दीर्घ श्वास घेण्याची युक्ती मोठी मुले लहानांना शिकवतात. ‘प्राणवायू भरून घेतला’ असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात निरोगी मुलाचे हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच ‘आता वर चल’ असा इशारा देणारा पहारेकरीच झोपी जातो. मुलगा पाण्याखाली हातपाय मारतो, प्राणवायू संपत जातो, इशारा मिळत नाही, आणि कोणतीही तगमग न होता त्याची शुद्ध हरपते. काठावरच्या सवंगड्यांना वाटते, की तो पैज जिंकतो आहे. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी संशोधकांनी १९६१ मध्येच अशा घटनांचे विवेचन केले होते. यात चांगले पोहणारेच अधिक सापडतात, कारण पैजेला तेच उतरतात.

म्हणून घरातल्या मुलांना दोन नियम ठामपणे सांगावेत : बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत आणि श्वास रोखण्याची पैज पाण्यात कधीच लावायची नाही.

धाप कामाहून मोठी असेल तर

आतापर्यंत सांगितले ते निरोगी शरीराविषयी. पंखा शेगडीच्या मागे जातो हे सूत्र धरले, तर दुखणे ओळखायलाही त्याचा उपयोग होतो. काम तेवढेच असून श्वास अधिक लागू लागला, तर कारण शोधले पाहिजे.

आपल्याकडील स्त्रियांमध्ये पहिली शंका रक्तक्षयाची घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळिशीच्या उत्तरार्धात मासिक पाळीत रक्तस्राव वाढत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. येथे ऑक्सिमीटरवर विसंबू नये. ते यंत्र सांगते, की एसटीच्या गाड्यांतली शंभरपैकी ९७ आसने भरली आहेत. आगारात गाड्याच निम्म्या उरल्या असतील, तर ते त्याला कळत नाही. हिमोग्लोबिन कमी असले तरी जे आहे ते भरलेलेच असते आणि आकडा ९७च येतो. स्नायूंना मात्र प्राणवायू कमी पोहोचतो, लॅक्टिक आम्ल लवकर वाढते आणि थोड्या श्रमातही धाप लागते. याचे निदान रक्ताच्या साध्या तपासणीत होते.

दमा, चुलीच्या धुराने किंवा धूम्रपानाने झालेला फुप्फुसांचा विकार, थायरॉईडचे विकार, वाढलेले वजन आणि हृदयविकार ही इतर कारणे. स्त्रियांमध्ये हृदयविकार कधी कधी छातीत कळ न येता नुसत्या धापेने आणि थकव्याने प्रकट होतो, हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. आडवे झाल्यावर दम लागणे, पायांवर सूज, छातीतून शिट्टीसारखा आवाज, चालून आल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा तीन-चारने किंवा अधिक उतरणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, भोवळ, किंवा बसल्या जागी अचानक लागलेली धाप ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला जिना उतरायला लावू नये.

पत्रलेखिकेस

भगिनी, तुमची धाप नवी आहे आणि पूर्वी जमत होते ते आता जमत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, रक्तदाब, थायरॉईड आणि हृदयाचा आलेख एवढ्या तपासण्यांविषयी त्यांना विचारा; पाळीविषयी संकोच न करता सांगा. त्यांनी अनुमती दिली, की फिरणे पुन्हा सुरू करा. प्रारंभी सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, सोबतीणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. दर आठवड्याला थोडी थोडी मिनिटे वाढवा.

जिना सावकाश चढा आणि प्रत्येक मजल्यावर क्षणभर थांबा. वर पाऊल टाकताना श्वास रोखू नका, तो सोडत राहा. पाण्याची बादली किंवा गॅसची टाकी उचलतानाही हेच करावे. दम रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो. दारात पोहोचल्यावर धाप लागली तर घाबरून आणखी जोरजोरात श्वास घेऊ नका. मिनिट-दोन मिनिटे तिथेच सावकाश येरझारा घाला. हिशेब चुकता झाला, की श्वास आपोआप खाली येईल. तो किती मिनिटांत शांत झाला, हे दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवा.

दोन-तीन महिन्यांनी त्या नोंदींवर नजर टाका आणि मला पुन्हा लिहा. आकडा उतरत गेला असेल, तर तुमचे स्नायू तोच जिना कमी श्रमात चढायला शिकले आहेत असे समजा. नसेल उतरला, तर त्या नोंदी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. निदानासाठी त्यांना त्या उपयोगी पडतील.